आरडली का नाही, म्हणून विचारतोस?

बस. खुर्चीवर नको, त्या बाकावर. आठवीत बसायचास तसा. वडशाला राइस मिल चालवतोस, चार लोक शेठ म्हणतात. पण सकाळी फोनवर जे बोललास ते ऐकून वाटलं, पोरगं आठवीतून पुढे सरकलंच नाही. "बाई, मुनीमानं मिलमधल्या त्या मजूर बाईचा खरंच हात धरला असता तर ती आरडली नसती का?"

अरे, देसाईगंजचं पोलीस ठाणं तुझ्याच गावात ना? 26 मार्च 1972 च्या रात्री त्या ठाण्यात आपल्यावर अत्याचार झाला, असं मोलमजुरी करणारी एक आदिवासी पोर सांगत राहिली. मथुरा. उच्च न्यायालयानं दोन पोलिसांना दोषी धरलं. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत, मग प्रतिकार कसला? तुझाच प्रश्न, फक्त काळा कोट घातलेला. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर यांनी 1979 साली सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बाया रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यातली बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली आणि संबंध सिद्ध झाला, की न्यायालय आधी तिचं खरं धरतं. देशाचा कायदा तुझ्या गावावरून हलला, आणि तुला पत्ता नाही!

रोजी देणाऱ्याच्या माणसासमोर कोण आरडतं रे? उद्याचं काम त्याच्या हातात असतं.

म्हणे, "माझ्याकडे आठच माणसं, समिती लागत नाही." आठ मस्टरवर. दुपारी कडुनिंबाखाली डबे किती उघडतात? बावीस. मी मोजलेत. ठेकेदारानं आणलेली, कोंडा झाडणारी बाईसुद्धा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानं तुझीच कर्मचारी. दहा झाले की अंतर्गत समिती हवीच, नाहीतर 50,000 रुपयांपर्यंत दंड. आणि लागत नाही म्हणत दाखवायला कागदावर केलीस ती समिती! अध्यक्ष तुझी बायको, जी मिलमध्ये लक्ष्मीपूजनापुरती येते. अध्यक्ष तिथंच काम करणारी वरिष्ठ बाई लागते, निम्म्या तरी बाया लागतात, एक सदस्य बाहेरचा लागतो. नोटीस कुठे आहे? खताच्या कंपनीच्या कॅलेंडरमागे. कॅलेंडर मीच उचलून पाहिलं.

"तिला लिहिता येत नाही." मग लिहून घ्यायचं काम समितीचं आहे. "उशिरा बोलली." तीन महिने मुदत असते, अडचण पटली तर समिती आणखी तीन वाढवते. तू काय केलंस? दोन हजार हातावर ठेवून 'मिटवलं' म्हणालास. समझोता तिनं मागितला तरच होतो, आणि पैशावर तर होतच नाही. वर तिला उद्यापासून येऊ नकोस म्हटलंस, मुनीम मात्र गादीवर. चौकशी चालू असताना तिनं लेखी मागितलं तर त्याची बदली करता येते, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. तू तर उलटंच केलंस.

मान वर कर. तिची नऊ दिवसांची मजुरी अजून तुझ्याकडे आहे. आजच तिच्या घरी पोचव, आणि मुनीमाच्या हातून नको. चहा ठेवलेला नाही. नीघ.