पाहणे आणि साक्ष देणे

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपल्या इतका परिचयाचा आहे की त्यातील एक बारकावा सहसा निसटतो. लूकच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात याजक, लेवी व शोमरोनी या तिघांसाठीही ‘पाहून’ असे एकच रूप योजिलेले आहे. जखमी मनुष्य तिघांनाही दिसला होता. मग नीतीचा आरंभ पाहण्याच्या नंतरच होतो काय?

रुग्णालयातील साहाय्यक परिचारिकेचे, आपल्या वॉर्डातील मावशींचे काम पाहता मला तसे वाटत नाही. प्रौढ मनुष्याचा विश्रांतीतील श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. तो वाढू लागणे ही प्रकृती ढासळत असल्याची पुष्कळदा पहिली खूण असते. परंतु तो पूर्ण मिनिटभर मोजावा लागतो. आणि तेवढी सवड नसली की तक्त्यावर खाटेमागून खाटेला ‘२०’ उतरतात. खोट्या साक्षीविषयीची आज्ञा आपण न्यायालयापुरती ठेवतो. माझ्या मते ती या तक्त्यालाही लागू आहे. त्या आकड्यावर विसंबून डॉक्टर पुढच्या खाटेकडे वळतात.

मोजणी चालू आहे हे रुग्णाला कळले की त्याच्या श्वासाची लय बदलते. म्हणून बोटे नाडीवर तशीच ठेवून नजर छातीकडे न्यावयाची. ही फसवणूक म्हणावी काय? ज्याच्या हितासाठी खरा आकडा हवा, त्याच्यापासून तो मागाहून लपविला नाही, तर मला यात दोष दिसत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालच्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात, उत्तर सुचविणारे प्रश्न टाळून झोप किती तास व केव्हा लागली हेच विचारावे, असा आग्रह धरला होता. भाषांतरकाराला हे तत्काळ पटते. ‘रुग्ण अस्वस्थ’ हे भाष्य झाले. ‘पहाटे २ पासून चादर ओढीत होता, पाणी नको म्हणाला’ ही संहिता. भाष्य चुकले तर संहितेकडे परतता येते. ती लिहिलीच नसेल तर परतावे कोठे?

आणखी एक गोष्ट. दाबाने होणाऱ्या व्रणाची पहिली लाली सावळ्या कातडीवर नीट दिसत नाही. टाचेवर, माकडहाडावर हात ठेवून तेथील ऊब व कठीणपणा शेजारच्या त्वचेशी ताडून पाहावा लागतो. निळेपणा ओठांच्या आतल्या बाजूस व जिभेवर शोधावा लागतो. कूस बदलताना हे क्षणभराचे काम आहे. घरी एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या नातलगाजवळ बसाल, तेव्हा आपणांसही ते करता येईल.