घामाचा जमाखर्च

माणसाने चाळिशी ओलांडली की त्याला तीन गोष्टी आपोआप मिळतात : जवळचा चष्मा, साखर सांभाळण्याचा डॉक्टरी सल्ला आणि 'आता जरा व्यायाम करा' असं सांगणारे नातेवाईक. पहिल्या दोन गोष्टींना पैसे पडतात. तिसरी फुकट असते, म्हणून ती सर्वांत जास्त मिळते. अशाच मंडळींच्या पुण्याईने मी सध्या परभणीतल्या एका जिममध्ये जातो. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्या गावावरून कोणी पाडली कोण जाणे, पण ती शरीराला फार शोभते. बनलं तर बनलं; नाही तर आपण परभणीत आहोतच, नवीन कुठे जायचं नाही.

पूर्वीच्या तालमीत तांबडी माती असायची आणि कोनाड्यात मारुती. जिममध्ये मारुतीच्या जागी आरसा आला आहे. मारुतीपुढे माणूस वाकायचा. आरशापुढे तो पोट आत घेतो. शिकवणारा मास्तर माझ्या मुलाच्या वयाचा. पहिल्या दिवशी त्याने माझ्या हाती नुसता रॉड दिला. "काका, सध्या रिकामाच उचला." या रिकाम्या रॉडचं वजन २० किलो! आम्हा कॉमर्सवाल्यांच्या हिशेबी रिकामं म्हणजे शून्य. इथं खातं उघडतानाच २० किलो भरावे लागतात.

समोर भिंतीवर पाटी आहे : 'ज्याचा घाम, त्याचं फळ.' कारकुनाला भुरळ पडावी असंच हे वाक्य आहे. बँकेत जामीनदार चालतो, नॉमिनी चालतो, मुखत्यारपत्र चालतं. इथं साहेबाच्या वतीने शिपायाने बैठका मारल्या, तर मांड्या शिपायाच्याच भरतात. एवढा चोख न्याय दुसरीकडे कुठे मिळणार? आता तो खरोखरच चोख आहे का, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचा साक्षीदार मोंढ्यात आहे.

आमच्या काउंटरवर मोंढ्यातले एक हमाल दर आठवड्याला भरणा करायला येतात. वयाने माझ्याच बरोबरीचे. मी जिमला जातो हे कळल्यावर त्यांनी विचारलं, "सायेब, वजन उचलायचे ते लोक पैसे देतेत का घेतेत?"

"घेतात."

"मंग आमच्याकडं या की. आमी फुकट उचलू देतो."

सगळी रांग हसली, मीही हसलो. मग मी त्यांना सांगितलं की आमचा मास्तर एक दिवस व्यायाम आणि एक दिवस विश्रांती असं म्हणतो. पावती खिशात घालत ते म्हणाले, "आमचं तसं जमत न्हाई. एक रोज मी बसलो का चूल बी बसती."

पाटीच्या हिशेबाने यांचा घाम माझ्या शंभरपट, तेव्हा फळही शंभरपट हवं. प्रत्यक्षात त्यांची कंबर धरलेली आणि गुडघे वाजतात. पाटी रंगवणाऱ्याला द्विनोंदी पद्धत माहीत नसावी. वजन उचलताना स्नायू वाढत नाही. त्या वेळी त्याच्यावर ताण पडतो, थोडी झीजही होते. तो भरून येतो नंतर, झोपेत, विश्रांतीत आणि पोटात चार घास डाळ-अंडं गेल्यावर. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती तर बहुतेक मज्जातंतूंना काम समजल्यामुळे; दंड होता तेवढाच असतो. म्हणजे घाम ही वहीची एक बाजू, भाकरी आणि झोप ही दुसरी. एकाच बाजूला नोंदी करत गेलं तर ताळेबंद जुळत नाही, माणूस मोडतो.

हमालांना हे पुस्तक न वाचता कळलं होतं. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, १०० किलोचं पोतं ५० किलोवर यावं म्हणून वर्षानुवर्षं भांडावं लागलं. जिममध्ये वजन वाढवलं की टाळ्या मिळतात. मोंढ्यात ते कमी करायला मोर्चे काढावे लागतात.

आणि ज्यांच्या घामाचं फळ साऱ्या देशाने पाहिलं, त्या खाशाबा जाधवांचं बघा. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत ब्राँझ मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. घाम त्यांचाच, शंकाच नाही. पण प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले असं सांगतात. गहाणखतं आम्ही रोज बघतो. दुसऱ्याच्या कुस्तीसाठी घर गहाण टाकणारा खातेदार अजून आमच्या काउंटरवर आलेला नाही.

मग जिम सोडावी का? मी सोडल्याने मोंढ्यातलं एकही पोतं हलकं होत नाही, माझी साखर तेवढी वाढते. तेव्हा जायचं. फक्त घामाचा तोरा मिरवायचा नाही. दुपारी पोत्यांच्या थप्पीवर आडवा झालेला हमाल दिसला की 'बघा, काम सोडून झोपलेत' म्हणणारे आपल्यातलेच असतात. त्याच झोपेला जिममध्ये 'रिकव्हरी' म्हणतात आणि तिचा तक्ता करून देण्याचे वेगळे पैसे घेतात.

दर रविवारी आमची ही टेप घेऊन माझा दंड मोजते. आकडा अजून हललेला नाही. हलला, तर त्यातला नेमका किती माझ्या खात्यावर जमा करायचा, हे आधी ठरवावं लागेल. स्वयंपाक तिचा आहे.