प्रश्नालाही जाब विचारावा

‘पूर्णा ही कोणत्या नदीची उपनदी आहे?’ असा प्रश्न मोबाइलवरच्या सामान्यज्ञानाच्या खेळात घाला, खाली तापी, गोदावरी, कृष्णा, भीमा असे चार पर्याय द्या आणि पंधरा सेकंद मोजायला लावा. जळगावची मुलगी क्षणाचाही विचार न करता ‘तापी’ निवडेल. मुक्ताईनगरजवळ चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम तिने डोळ्यांनी पाहिलेला असतो. परभणीचा मुलगा तितक्याच खात्रीने ‘गोदावरी’ म्हणेल. येलदरी धरण ज्या पूर्णेवर आहे ती अजिंठ्याच्या डोंगररांगांत उगम पावते आणि परभणी जिल्ह्यात गोदावरीला मिळते. दोघांचेही उत्तर खरे आहे. खेळ मात्र एकालाच बरोबर ठरवणार आणि दुसऱ्याला चूक. शिवाय डांगच्या जंगलातून नवसारीकडे जाऊन थेट अरबी समुद्राला मिळणारी आणखी एक पूर्णा गुजरातेत आहेच.

आता तिसऱ्या विद्यार्थ्याचा विचार करा. त्याला दोन्ही पूर्णा ठाऊक आहेत. प्रश्न वाचताच तो थबकतो. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात नेमकी कोणती पूर्णा असेल, याचा अंदाज बांधण्यात त्याचा वेळ जातो. शेवटी तो प्रश्न सोडून देतो किंवा चुकीच्या बाजूला पडतो. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी पंचवीस टक्के कापले जातात. तिथे असा प्रश्न आला तर ज्याला एकच नदी माहीत आहे तो निर्धास्त, आणि ज्याला दोन माहीत आहेत तो धोक्यात. सदोष प्रश्नाचा सर्वांत मोठा अन्याय हाच. त्याचा फटका ज्याला कमी येते त्याला बसत नाही. ज्याला जास्त येते त्यालाच बसतो. म्हणून अशा प्रश्नावर हरकत घेणाऱ्याला ‘हरल्यावर कुरकुर करणारा’ म्हणून गप्प करू नये, असे मला ठामपणे वाटते.

सदोष प्रश्न म्हणजे केवळ उत्तरतालिकेत छापलेले चुकीचे अक्षर नव्हे. ती चूक लवकर सापडते आणि लवकर सुधारताही येते. अवघड असतात ते प्रश्न, ज्यांत महत्त्वाची अट लिहायचीच राहून गेलेली असते. ‘खानदेशात जिल्हे किती?’ हा प्रश्न घ्या. 1906 पूर्वी उत्तर एक होते, कारण तोवर सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता. 1906 मध्ये इंग्रजांनी त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. महाराष्ट्र राज्य झाल्यानंतर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि उत्तर तीन झाले. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाण, कळवण भागांतही अहिराणी बोलली जाते. खानदेश म्हणजे प्रशासनाचा नकाशा की बोलीचा मुलूख, हे ठरवल्याशिवाय ‘तीन’ हे उत्तरही पुरते पक्के होत नाही. प्रश्नात ‘आजच्या प्रशासकीय रचनेनुसार’ एवढे शब्द घातले असते तर वाद मिटला असता. ते शब्द घालणे प्रश्न काढणाऱ्याचे काम होते. ते त्याने केले नाही आणि त्याची किंमत मात्र उत्तर देणाऱ्याने मोजली.

किनाऱ्याचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा समुद्रकिनारा आहे, हे वाक्य आपल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केले. केंद्राच्या जुन्या आकडेवारीत महाराष्ट्राचा किनारा 652.6 किलोमीटर होता. अलीकडच्या फेरमोजणीत तो 877.97 किलोमीटर भरला. त्याच मोजणीत देशाचा किनारा 7,516.6 वरून 11,098.81 किलोमीटरवर गेला. समुद्राने नवी जमीन दिली नाही की जुनी गिळली नाही. आधीची मोजणी लहान प्रमाणाच्या नकाशावरून झाली होती, नवी 1 : 2,50,000 या प्रमाणाच्या नकाशावरून झाली. नकाशा जितका बारकाईचा तितक्या खाड्या आणि वळणे मोजणीत अधिक येतात आणि लांबी वाढते. म्हणजे ‘किनारा किती लांब?’ या प्रश्नाला मोजमापाची पद्धत सांगितल्याशिवाय एकच एक उत्तर नसतेच. तरीही प्रश्नसंचांत तो उघडाबोडका विचारला जातो, आणि तिन्ही आकडे पर्यायांत असले तर ‘बरोबर’ कोणता, हे प्रश्न काढणाऱ्याच्या कपाटात कोणते पुस्तक आहे यावर ठरते.

‘पहिला’ या शब्दाने सुरू होणारे प्रश्न याच जातीचे. पहिला भारतीय चित्रपट कोणता? दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. त्याच चित्रपटगृहात वर्षभर आधी, 18 मे 1912 रोजी दादासाहेब तोरण्यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. तो रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होता, म्हणून अनेक अभ्यासक त्याला कथाचित्रपट मानत नाहीत, काही मानतात. हा मतभेद अभ्यासाचा आहे आणि मोलाचा आहे. चार पर्यायांच्या प्रश्नात तो मतभेद पुसला जातो, आणि विद्यार्थ्याच्या मनात राहतो तो वाद नसलेला एक ठोकळेबाज निकाल.

असे प्रश्न जन्मतात कसे, हे उघड आहे. एका ठोकळ्यातून दुसऱ्या ठोकळ्यात, तिथून टेस्ट सिरीजमध्ये, तिथून टेलिग्रामच्या पीडीएफमध्ये आणि तिथून मोबाइलच्या खेळात प्रश्न उतरवून घेतले जातात. 2020 च्या टाळेबंदीत शाळा-महाविद्यालयांनी ऑनलाइन प्रश्नमंजूषांचा आणि ई-प्रमाणपत्रांचा जो धडाका लावला त्यातही हेच झाले. मूळ आधार कुठे आहे, हे कोणी पाहत नाही. अमेरिकेतली एक घटना या बाबतीत प्रसिद्ध आहे. फ्रेड वर्थ या लेखकाने आपल्या सामान्यज्ञानाच्या कोशात कोलंबो या दूरचित्रवाणीवरच्या गुप्तहेराचे पहिले नाव ‘फिलिप’ असे मुद्दाम खोटे घातले होते. पुढे ‘ट्रिव्हियल परसूट’ या खेळात तेच खोटे नाव खरे उत्तर म्हणून छापले गेले. वर्थने 1984 मध्ये खटला भरला. तो हरला, कारण माहितीवर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो. पण प्रश्नांची नक्कल कशी चालते, ते त्याने साऱ्या जगाला दाखवून दिले. नकलेतून आलेली चूक दहा ठिकाणी दिसू लागली की तिलाच पुरावा मानले जाते. जळगावच्या अभ्यासिकेत बसलेली मुलगी हरकत घेते तेव्हा ‘सगळ्या पुस्तकांत असेच आहे’ हे उत्तर तिला मिळते ते त्यामुळेच. सगळी पुस्तके एकाच पुस्तकातून आलेली असतील, ही शक्यता तिथे कोणी विचारात घेत नाही.

आता शासकीय परीक्षांकडे वळू. तिथे हरकतीला रीतसर जागा आहे, हे मान्य केले पाहिजे. लोकसेवा आयोग आधी प्रथम उत्तरतालिका जाहीर करतो, ठरावीक मुदतीत हरकती मागवतो, तज्ज्ञांचे मत घेतो आणि मग अंतिम उत्तरतालिका काढतो. त्या तालिकेत काही उत्तरे बदललेली असतात, काही प्रश्न रद्द झालेले असतात. राष्ट्रीय परीक्षा संस्था प्रत्येक प्रश्नावरच्या हरकतीसाठी 200 रुपये घेते. शेतमजुराच्या घरातून आलेल्या मुलाला पाच प्रश्नांवर हरकत घ्यायची तर हजार रुपये. आपली हरकत मान्य होईल याची खात्री नसताना तो ते कुठून आणणार? शुल्कामुळे पोकळ हरकती कमी होतात, हा युक्तिवाद मला पटतो. पण मग हरकत खरी ठरली तर शुल्क परत मिळालेच पाहिजे. ज्याने संस्थेची चूक दाखवली त्याच्याकडून त्याच चुकीचे पैसे घेणे कोणत्याही न्यायात बसत नाही.

याहून मोठी उणीव आहे ती कारणांची. अंतिम उत्तरतालिकेत ‘ब’ च्या जागी ‘क’ येते, पण ते का आले, हे कुठेही लिहिलेले नसते. प्रश्न रद्द होतो, पण कोणत्या दोषामुळे, हे कळत नाही. आणि प्रश्न रद्द करणे हा निरुपद्रवी तोडगाही नाही. ज्याने बरोबर उत्तर दिले होते त्याची मेहनत त्यात जाते. कटऑफ एका-अर्ध्या गुणावर अडकतो तेव्हा दोन रद्द प्रश्नांत एखाद्याची दोन वर्षे जातात. दोन उत्तरे खरी असतील तर दोन्हींना गुण द्यावेत. एकही खरे नसेल तरच प्रश्न रद्द करावा. हा साधा नियम आधी जाहीर करून ठेवायला काय हरकत आहे?

मात्र ‘दोन्ही बरोबर’ हा सगळ्यांना खूश करण्याचा मार्ग होता कामा नये. 2024 च्या नीट परीक्षेत अणूंवरच्या एका भौतिकशास्त्राच्या प्रश्नात नेमके तेच झाले. ‘प्रत्येक मूलद्रव्याचे अणू स्थिर असतात’ असे विधान एनसीईआरटीच्या जुन्या आवृत्तीत होते. नव्या आवृत्तीत ‘बहुतेक मूलद्रव्यांचे’ अशी दुरुस्ती झाली होती. किरणोत्सारी मूलद्रव्ये असताना जुने विधान टिकतच नाही. तरीही परीक्षा संस्थेने दोन्ही पर्यायांना गुण दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने दिल्लीच्या आयआयटीला तीन तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितली, आणि समितीने एकच पर्याय बरोबर असल्याचे कळवले. चार लाखांहून अधिक परीक्षार्थींचे गुण कमी झाले. पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्यांची संख्या 61 वरून 17 वर आली. ज्या मुलांनी अधिकृत पुस्तकाची जुनी प्रत वाचली होती त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. दोष आहे तो कोणती आवृत्ती प्रमाण, हे आधी न सांगण्यात.

दुसरी बाजू मला ठाऊक आहे आणि ती पोकळ नाही. कुठेतरी शेवट व्हायला हवा. हरकतींवर हरकती घेत राहिल्या तर भरती वर्षानुवर्षे लांबते, आणि त्यात सर्वाधिक भरडला जातो तो गरीब उमेदवारच. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये कानपूर विद्यापीठाच्या खटल्यात म्हटले की उत्तरतालिका चूक असल्याचे ठसठशीतपणे सिद्ध होईपर्यंत ती बरोबर मानावी. आणि त्या खटल्यात ती चूक सिद्ध झाल्यावर विद्यार्थ्यांच्या बाजूने निकालही दिला. रणविजय सिंह खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले : शंका उरली तर तिचा फायदा परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्यावा, उमेदवाराला नाही. न्यायाधीशांनी भूगोलाचे वा भौतिकशास्त्राचे पेपर तपासत बसू नये, हे मलाही पटते. पण यातून एक गोष्ट आपोआप निघते. न्यायालय शंकेचा फायदा संस्थेला देणार असेल, तर शंका राहू न देण्याची जबाबदारी संस्थेवर दुप्पट येते. अधिकार मोठा मिळाला की कारण सांगण्याचे बंधनही मोठे व्हायला हवे.

आपल्याकडे या कामाचा वारसा नाही, असेही नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याचा शेवट धुळ्यात काढला, 31 डिसेंबर 1926 रोजी त्यांचे निधन तिथेच झाले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करायचे आणि ग्रँट डफसारख्या प्रस्थापित इतिहासकाराला त्या कागदांच्या आधारे दुरुस्त करायचे, हे त्यांचे काम म्हणजे पुराव्यासह घेतलेली हरकतच होती. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचे उत्तरही असेच बदलले. महाराजांचा जन्म 1627 चा, असे दीर्घकाळ मानले जाई. 1916 मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली. तीत शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी होती. पुढे परमानंदाच्या ‘शिवभारता’ने तिला दुजोरा दिला. अनेक दशके अभ्यासक भांडले, कागद तपासले गेले, आणि अखेर राज्य सरकारने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली. ‘सगळ्या पुस्तकांत 1627 आहे’ एवढ्यावर कोणी थांबले असते तर आज आपण वेगळी तारीख पाठ करत असतो.

मग काय करावे? प्रश्न काढणाऱ्याने प्रत्येक प्रश्नासोबत आपला आधार लिहून ठेवावा : कोणते पुस्तक, कोणती आवृत्ती, कोणत्या वर्षाची आकडेवारी. आकडा विचारला तर वर्ष आणि मोजणी प्रश्नातच द्यावी. ‘पहिला’, ‘सर्वांत मोठा’ असे विचारले तर निकष द्यावा. नदीचे नाव दोन नद्यांना असेल तर खोरे सांगावे. हरकत घेणाऱ्याने पुरावा द्यावा, आणि तपासणाऱ्याने एका वाक्यात का होईना, कारण जाहीर करावे. मोबाइलचे खेळ बनवणाऱ्यांनी प्रत्येक प्रश्नाखाली हरकतीची सोय ठेवावी आणि मान्य झालेली दुरुस्ती सगळ्या खेळाडूंना कळवावी. यात अशक्य काही नाही. 2006 मध्ये ब्रिटनच्या करोडपतीच्या खेळात अमेरिकेच्या ब्रीदवाक्यावरचा शेवटचा प्रश्न संदिग्ध निघाला. वाहिनीने ते मान्य केले आणि हरलेल्या जोडप्याला परत बोलावून नवा प्रश्न दिला. करमणुकीच्या कार्यक्रमाला जे जमले ते नोकऱ्या ठरवणाऱ्या परीक्षांना जमायलाच हवे.

आणि याची सुरुवात वर्गातूनच करावी लागेल. घटक चाचणीनंतर उत्तरे सांगताना शिक्षकांनी ‘यातला कोणता प्रश्न नीट विचारलेला नाही?’ हेही विचारावे, आणि जो विद्यार्थी पुस्तक उघडून दोष दाखवील त्याला त्या प्रश्नाचे गुण द्यावेत. जळगावच्या मुलीने ‘सर, पूर्णा दोन आहेत’ असे म्हटले तर तिला खाली बसवणारी शाळा फक्त उत्तरे शिकवते. तिला नकाशावर दोन्ही पूर्णा दाखवायला लावणारी शाळा भूगोल शिकवते, आणि उद्या प्रश्नपत्रिका काढायला बसल्यावर नेमका प्रश्न कसा विचारायचा, हेही.