भजनाची चाल आणि भक्तीचा अधिकार

नागपुरातील सीताबर्डीच्या टेकडी गणपतीची आरती आणि याच नगरातील ख्रिस्ती मंडळीची रविवारची उपासना यांच्या सुरांत काही नाते असावे की नसावे, हा प्रश्न निव्वळ संगीताचा नव्हे. ईश्वराला आळवताना मनुष्याने आपल्या सुखदुःखाचा नित्याचा सूर मंदिराबाहेर ठेवून यावे काय, असा तो मूलतः धर्माचा प्रश्न आहे.

संत ऑगस्टीनला सुरांची धास्ती वाटे. गायिलेल्या वचनापेक्षा गायनानेच मन अधिक हेलावले तर तो अपराध होय, असे त्याने आपल्या आत्मनिवेदनात लिहिले; परंतु श्रद्धेच्या आरंभी याच गायनाने आपल्या डोळ्यांत अश्रू आणले होते, हेही त्याला नाकारवले नाही. तरुण मुलामुलींना शुभवर्तमानाची गीते शिकवणाऱ्या पाळकाने ही शंका क्षुल्लक मानू नये.

तथापि तिचे उत्तर ग्रंथांपेक्षा गाणाऱ्यांच्या चरित्रांतच सापडते. शिकागोचा टॉमस डॉर्सी हा पूर्वी मद्यालयांतून ब्लूज वाजवणारा कृष्णवर्णीय वादक. तीच चाल त्याने प्रार्थनेत आणली तेव्हा अनेक मंडळ्यांनी तिला दार बंद केले. 1932 साली तो परगावी असताना प्रसूतीत त्याची पत्नी वारली, पाठोपाठ नवजात बालकही गेले, आणि त्या शोकातून त्याचे सर्वांत विख्यात प्रार्थनागीत जन्मले. ज्या सुराला अपवित्र ठरवले, त्याखेरीज दुसऱ्या कोणत्या सुरात त्याने रडावे?

आपल्याकडे हेच कार्य रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी त्याच्याही आधी केले. बुटी या धनिकांच्या आश्रयाने नागपुरात राहिलेला हा कवी 1893 साली राजनांदगावास जात असता आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्याच्या हाती बायबल दिले. 1895 साली त्याने बाप्तिस्मा घेतला. परंतु विलायती चालींवर बेतलेल्या स्तोत्रांनी त्याचे मन तृप्त होईना. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे मानणाऱ्या टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही परंपरेची दौलत उपासनेत आणली. कीर्तनात निरूपण गाण्याचा हात सोडत नाही, म्हणून ऑगस्टीनची भीतीही तेथे पुष्कळशी निवते.

सुरावर कोणत्याही पंथाची मिरासदारी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकागोची गीते नागपूरच्या तरुणांनी खुशाल गावीत. मात्र तिकडच्या उच्चारांची नक्कल करण्यात सारी तालीम खर्ची पडत असेल, तर ते गायन उपासनेच्या पदवीस पोहोचत नाही. सीताबर्डीच्या पाळकांना माझी विनंती एवढीच की, मुलांच्या हाती गिटार द्यावी, आणि त्याच तालमीत पेटी व टाळ घेऊन टिळकांचे अभंगही त्यांच्याकडून बसवून घ्यावेत.