कालच्या दिवसाचं स्पॅनिश

स्पॅनिश शिकताना वर्तमानकाळ हसतखेळत पार पडतो. भूतकाळ आला की वही हळूच बाजूला सरकते. ‘बुस्कार’ म्हणजे शोधणं. ‘तू शोधलंस’, ‘तिने शोधलं’ यांत अक्षरं जागच्या जागी राहतात. पण ‘मी शोधलं’ म्हणायचं झालं की ‘बुस्के’, आणि लिहिताना ‘सी’ जाऊन ‘क्यू’ आणि ‘यू’ येतात. ‘येगार’ म्हणजे पोहोचणं. ‘मी पोहोचलो’ लिहिताना ‘जी’च्या मागोमाग एक ‘यू’ शिरतो. नवख्याला वाटतं, ही भाषा मुद्दाम छळते आहे.

छळत नाही, उच्चार सांभाळते. स्पॅनिशमध्ये पुढे ‘ई’ आली की ‘सी’चा ‘स’ होतो, स्पेनच्या बऱ्याच भागात ‘थ’, आणि ‘जी’चा घशातून येणारा ‘ह’. अक्षर तसंच ठेवलं तर ‘बुस्के’ला कुणीही ‘बुस्से’ वाचेल. क्रियापदाचा आवाज टिकावा म्हणून लेखन बदलतं. जसं बोलावं तसं लिहावं, हे सूत्र अंतोनिओ दे नेब्रिहा यांनी १५१७ साली स्पॅनिश शुद्धलेखनाचे नियम छापले तेव्हाच मांडलं होतं. म्हणून तक्ता घोकण्याआधी रूप मोठ्याने म्हणावं. कानाला ‘के’ ऐकू आला की हात आपोआप ‘क्यू’कडे वळतो.

यातली खरी गंमत मात्र पुढेच आहे. ‘बुस्कार’, ‘येगार’ यांच्या गटातल्या क्रियापदांचं साध्या भूतकाळातलं लेखन फक्त ‘मी’पाशी बदलतं. दुसऱ्यांनी काय केलं एवढंच लिहीत बसलात, तर हा नियम भेटणारच नाही. तो हवा असेल तर स्वतःचा काल लिहावा लागतो. आणि आपला काल तरी कसला असतो? पोहोचलो, काम सुरू केलं, दुपारी जेवलो, पैसे दिले, किल्ली शोधली. ही पाचही क्रियापदं स्पॅनिशमध्ये नेमकी याच गटातली. साधा दिवस अभ्यासाला पुरून उरतो!

तेव्हा चहा होईपर्यंत कालच्या दोन ओळी लिहून बघा. आधी म्हणा, मग लिहा. शेवटच्या ‘ई’वरची तिरकी रेघ विसरली, तर नंतर द्या. ‘यू’ राहिला तरी बिघडत नाही. उद्या सकाळी ‘येगार’ पुन्हा लागणार आहे, कारण आजही आपण कुठेतरी पोहोचणारच.