मतदान : नित्य की काम्य?

पूर्वमीमांसेने कर्मांचा जो विचार केला आहे, त्यातील नित्य आणि काम्य हा भेद आजच्या मतदाराने मनाशी बाळगावा असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. पुत्र, पर्जन्य, स्वर्ग अशा एखाद्या फलाची इच्छा धरून जे करावयाचे ते काम्य, आणि ती इच्छा नसेल तर ते सोडून दिल्याने काही बिघडत नाही. परंतु संध्यावंदनासारखे जे कर्म फलाची वासना असो वा नसो, ज्याला अधिकार आहे त्याने केलेच पाहिजे आणि न केल्यास प्रत्यवाय लागतो, ते नित्य. मतदान यांपैकी कोणत्या सदरात घालावयाचे?

लाखो मतदारांच्या मतदारसंघात माझ्या एका मताने काय होणार, असे म्हणून जो घरी बसतो, त्याने ते काम्य ठरविलेले असते. त्याला राजस्थानातील नाथद्वाऱ्याचा दाखला देतात, जेथे २००८ साली विधानसभेची जागा खरोखरच एका मताने गेली; पण हे उत्तरही फलाच्याच हिशेबाने दिलेले असल्यामुळे मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो.

जनमत चाचण्यांविषयी माझी तक्रार येथेच आहे. त्या चुकतात, म्हणून नव्हे. शास्त्रशुद्ध नमुना घेतलेली चाचणी अभ्यासकाला मोलाचीच असते. परंतु कर्म घडण्यापूर्वीच त्या फल समोर आणून ठेवतात, आणि मग योग्य कोण हा प्रश्न मागे पडून येणार कोण एवढाच उरतो; पडणाऱ्याला मत देऊन ते फुकट का घालवा, हे वाक्य सुजाण माणसांच्या तोंडीही येते. अधिक अनिष्ट उमेदवार टळावा म्हणून जो दुसऱ्या पसंतीच्या माणसाला मत देतो, त्याला मी दोष देणार नाही, कारण त्याच्या मनात लोकहितच असते. जिंकणाऱ्याच्या बाजूला असण्याचे सुख मात्र लोकहितात मोडत नाही. मतदान चालू असता मतदानोत्तर चाचण्यांचे निष्कर्ष जाहीर करण्यास १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १२६-अ हे कलम मनाई करते, ते मला म्हणूनच रास्त वाटते.

बौद्ध भिक्षुसंघाला मतदानाची रीत ठाऊक होती, याचे स्मरण डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत करून दिले होते. विनयपिटकात शलाका म्हणजे काडी देऊन मत घेण्याचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांतील गुप्त प्रकारात शलाका देणाऱ्याने प्रत्येक भिक्षूला ती कोणासही न दाखविण्याची सूचना द्यावयाची असते. माझे मत दुसऱ्याने पाहू नये हा त्या गुप्ततेचा एक अर्थ झाला. दुसऱ्यांची मते मोजून मी माझे ठरवू नये हा दुसरा अर्थ मी त्यातून घेतो, आणि तोच मला अधिक मोलाचा वाटतो.

वाचकांना माझी विनंती आहे, की मतदानापूर्वीच्या आठवड्यात चाचण्यांचे आकडे बाजूला ठेवावेत आणि तो वेळ उमेदवारांनी अर्जासोबत दाखल केलेली प्रतिज्ञापत्रे वाचण्यात घालवावा. त्यांत त्यांच्यावरील खटले, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण यांचा तपशील असतो आणि ती कोणासही पाहावयास मिळतात.