दोन्ही रकाने

ती : गुकेशची शाळा चौथीनंतर सुटली आणि १८व्या वर्षी तो जगज्जेता झाला. दिव्या देशमुख १९व्या वर्षी महिलांचा वर्ल्ड कप घेऊन आली, तीही आपल्या नागपूरची. आणि मी १५व्या वर्षी भूमितीची प्रमेयं पाठ करतेय.

मी : प्रमेयं पाठ करायची नसतात, हा भाग वेगळा.

ती : विषय बदलू नकोस, मामा.

ही माझी भाची. यंदा दहावी. तिला शाळा सोडायची आहे, सतरा नंबरचा फॉर्म भरून परीक्षा बाहेरून द्यायची आहे आणि उरलेला सगळा वेळ बुद्धिबळाला द्यायचा आहे. मामा एके काळी सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळात पडीक असायचा, म्हणून त्याला ‘यातलं कळतं’ असा आमच्या घरात समज आहे. त्यामुळे हा खटला माझ्याकडे आला.

मी : गुकेशचं आधी पाहू. वडील कान-नाक-घशाचे सर्जन. मुलासोबत स्पर्धांना हिंडता यावं म्हणून त्यांनी प्रॅक्टिस थांबवली. तुझ्या बाबांनी दुकानाला टाळं लावायचं का?

ती : मी तसं म्हटलं नाही. पण कुणी काही पणाला न लावता एक तरी खेळाडू झालाय का?

मी : आनंद. १९८८मध्ये देशाचा पहिला ग्रँडमास्टर झाला आणि बी.कॉम.ही झाला. बोटविनिकने तर जगज्जेता असतानाच इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट मिळवली.

ती : बोटविनिक! मामा, अभिमन्यू मिश्रा २०२१मध्ये ग्रँडमास्टर झाला तेव्हा १२ वर्षांचा होता. आता लहान लहान पोरं दिवसदिवस इंजिन लावून ओपनिंगं घासतात. मी शाळा, क्लास, गृहपाठ उरकून रात्री नऊला पटावर बसते तेव्हा डोळे मिटायला लागलेले असतात.

हे तिचं खरं आहे. हल्ली बुद्धिबळात उशिरा येणाऱ्याला कुणी थांबून राहत नाही, आणि आनंदचा दाखला देणं हा मोठ्यांचा जुना, सोयीचा खेळ आहे. मी तो सोडून दिला.

मी : बरं, सगळ्यांत आवडता कोण?

ती : फिशर.

मी : का?

तिने उत्तर दिलं नाही, पट मांडला. न्यूयॉर्क, १९५६. पांढरी मोहरी डोनाल्ड बर्नची, काळी १३ वर्षांच्या बॉबी फिशरची. सतरा खेळ्या तिने भराभर लावल्या, एकदाही न अडखळता. मग काळा उंट उचलला आणि इ-६वर ठेवला. इतक्या हलक्या हाताने, की जणू तो तिथे बसणारच होता. वजिरावर मारा आहे आणि हा पोरगा वजीर वाचवतच नाही. पांढऱ्याने वजीर घेतला, की काळा उंट आणि घोडा मिळून राजाला नुसते हेलपाटे घालायला लावतात : शह, बाजूला हो, शह, परत ये. प्रत्येक फेरीत पांढऱ्याचं काहीतरी गळत जातं.

ती : कळलं का?

मी : कळलं. आता याच फिशरचं पुढचं सांग.

ती : १९७२. रेक्याविक. स्पास्कीला हरवलं.

मी : त्याच्या पुढचं?

ती : ...१९७५मध्ये कार्पोवशी खेळला नाही. किताब गेला. मग १९९२पर्यंत पटावर बसला नाही.

मी : आणि तोंडाने काय काय बोलत होता? आई ज्यू, आणि हा ज्यूंबद्दल गरळ ओकायचा. १६व्या वर्षी शाळा यानेही सोडली होती, बरं का.

ती : मामा, मी त्याचा डाव घेतलाय. त्याचं आयुष्य नाही घेतलं.

मी : मग गुकेशचं आयुष्य कशाला घेतेस? त्याचाही डावच घे.

ती गप्प झाली. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. वादात मामालोकांना एवढं तरी सुख मिळायला हवं. पण ते फार वेळ टिकणार नव्हतं.

मी : तुमच्या स्कोअरशीटवर दोन रकाने असतात. बर्नच्याही सगळ्या खेळ्या लिहिलेल्या आहेत, म्हणून तर आज आपण सांगू शकतो की तो नेमका कुठे चुकला. हरतोय हे दिसत असूनही त्याने राजीनामा दिला नाही, ४१व्या खेळीला मात होऊ दिली. पोराला आपला डाव पूर्ण करता आला. हेसुद्धा त्या रकान्यामुळेच कळतं. आयुष्याच्या गोष्टी सांगताना मात्र दुसरा रकाना आपण फाडून टाकतो. शाळा सोडून गेलेले आणि अडकून पडलेले कितीजण असतील, त्यांच्या खेळ्या कुणी लिहिल्यात?

ती : मला दुसरा रकाना माहीत आहे. बटुमीला दिव्याने वर्ल्ड कप जिंकला, ती फायनल कोण हरलं? हंपी. ती १५व्या वर्षी ग्रँडमास्टर झाली, २००२मध्ये, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. मूल झालं, खेळ थांबला, परत आली. ३८व्या वर्षी फायनल. दोन डाव बरोबरीत, मग जलद डाव. मी ते हरणाऱ्याच्या बाजूनेसुद्धा लावून पाहिलेत.

मी : हंपी हरली तरी ती हंपीच आहे. मी ज्यांचं नावही आपल्याला ठाऊक नाही, त्यांच्याबद्दल बोलतोय.

ती : मग शाळा न सोडणाऱ्यांचा रकाना कुठे आहे? त्यांची नावं ठाऊक आहेत? तू नोकरी धरलीस. तू हरलास की जिंकलास?

मी : बरोबरी म्हण.

ती : कुणी मागितली होती?

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. सोडणाऱ्याचा पस्तावा निदान दिसतो. न सोडणाऱ्याचा पगारपत्रकात दिसत नाही. पोरीने माझाच मुद्दा उलटा फिरवून मला शह दिला होता.

मी : ठीक. पण माझी एक अट आहे. गुकेश, दिव्या, फिशर, कुणाचंही नाव न घेता सांग, शाळा का सोडायची? मग मी तुझ्या आईशी बोलतो.

बराच वेळ ती मेलेली मोहरी पेटीत भरत राहिली.

ती : गेल्या महिन्यात स्पर्धेत लागोपाठ तीन डाव हरले. रेटिंग पडलं. घरी आल्यावर जेवायच्या आधी तिन्ही डाव परत लावले, कारण मला बघायचंच होतं कुठे बिघडलं. गणितात नापास झाले असते तर पेपर पुन्हा उघडला नसता.

मी : हे आधी का नाही बोललीस?

ती : कारण आई लगेच विचारेल, असं करून कोण जिंकलंय?